झाटोपेकचे गणित

हेलसिंकी म्हटले की मराठी माणसाला आधी आठवतात ते खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे हे मल्ल १९५२ च्या जुलैत फिनलंडच्या राजधानीत गेले आणि २३ तारखेला कुस्तीत ब्राँझपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक देऊन गेले. आपल्याकडे त्या ऑलिम्पिकची गोष्ट तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. ते साहजिकही आहे. पण त्याच शहरात, त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडत होती. चेकोस्लोव्हाकियाचा एक एकोणतीस वर्षांचा लष्करी अधिकारी २० जुलैला दहा हजार मीटर जिंकला, २४ जुलैला पाच हजार मीटर जिंकला आणि २७ जुलैला, आयुष्यात त्याआधी एकदाही न धावलेली मॅरेथॉन जिंकला. आठ दिवसांत तीन सुवर्णपदके आणि तिन्हींत ऑलिम्पिक विक्रम. एकाच ऑलिम्पिकमध्ये या तीन शर्यती जिंकणे त्याआधी कुणाला जमले नव्हते आणि त्यानंतर आजतागायत कुणाला जमलेले नाही.

त्याचे नाव एमिल झाटोपेक.

झाटोपेकची छायाचित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना त्याचा चेहरा विसरता येणार नाही. मान एका बाजूला कललेली, डोळे अर्धवट मिटलेले, जीभ बाहेर, आणि पोटात कुणीतरी सुरा खुपसावा तशी वेदना चेहऱ्यावर. पाहणाऱ्याला वाटावे, हा आता पडणार. तो पडत नसे, पुढचे पडत. या चेहऱ्यामुळे त्याच्याभोवती एक दंतकथा तयार झाली. हा माणूस म्हणजे निव्वळ सहनशक्ती, निव्वळ जिद्द, छाती फुटेस्तोवर पळणारा वेडा. ही दंतकथा सोयीची आहे, पण अर्धीच खरी आहे. त्या वेड्यावाकड्या चेहऱ्यामागे एक शांत हिशेबनीस बसलेला होता. अंतर किती, हवा कशी, आज शरीर किती देऊ शकेल आणि त्यासाठी काल किती मागायला हवे होते, याचा तो सतत हिशेब करीत असे. त्याची पद्धत पुढे साऱ्या जगाने उचलली. आज पोहणे, सायकल आणि धावणे अशी तिहेरी शर्यत करणारी आपल्याकडची मुलेसुद्धा तीच पद्धत थोड्या फरकाने वापरतात, बहुधा त्याचे नाव न घेता.

झाटोपेकचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ चा, मोराव्हिया प्रांतातल्या कोपर्शिव्नित्से या गावचा. वडील सुतारकाम करणारे, घरात मुलांची रांग, खायची तोंडे जास्त आणि मिळकत बेताची. पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्याला झ्लिन गावी बाटाच्या कारखान्यात कामाला धाडण्यात आले. हो, तेच बाटा. शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात ज्यांच्या दुकानात आपल्या पिढ्यान् पिढ्या पायाचे माप देऊन आल्या ते. आपल्यातल्या अनेकांना ती कंपनी देशीच वाटते. पण तिचे मूळ या झ्लिनमधले. तिथे दिवसा काम आणि संध्याकाळी कंपनीच्याच शाळेत शिक्षण अशी रीत होती. पळण्याचा गंध या पोराला नव्हता आणि हौस तर नव्हतीच.

१९४१ साली कारखान्यातर्फे गावातून एक शर्यत निघाली. तिथल्या क्रीडाशिक्षकाने चार मुलांना पळायचा हुकूम केला, त्यात हाही होता. त्याने अंगात ताकद नसल्याची सबब सांगितली. शिक्षकाने त्याला डॉक्टरकडे पाठवले, डॉक्टरने तपासून ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला. मग पळणे आलेच. शंभर मुलांत तो दुसरा आला. सबब खपली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

तेव्हा चेकोस्लोव्हाकिया जर्मनांच्या ताब्यात होता. नामांकित प्रशिक्षक, परदेशी स्पर्धा, चांगला आहार, यातले काहीही हाताशी नव्हते. होते ते एक नाव : पाव्हो नुर्मी. १९२० ते १९२८ या तीन ऑलिम्पिकमध्ये नऊ सुवर्णपदके मिळवणारा फिनलंडचा हा धावपटू हातात घड्याळ घेऊन पळत असे. नुर्मी सरावात छोटी अंतरे जोरात पळत असे, एवढे झाटोपेकच्या कानावर आले होते. त्यावर त्याने स्वतःचा विचार रचला. हळू कसे पळायचे ते मला येतेच. मग सरावात पुन्हा हळू पळून काय शिकणार? शिकायचे आहे ते जोरात पळणे. पण पाच हजार मीटर सलग जोरात पळता येत नाही. मग अंतराचे तुकडे करावेत. तुकडा जोरात पळावा, मग थोडे रमतगमत पळून दम घ्यावा, लगेच दुसरा तुकडा. असे वीस तुकडे झाले की जोराने पळलेले अंतर शर्यतीपेक्षाही जास्त भरते.

यातला विचार साधा वाटतो, पण त्या काळी लोक त्याला हसले. लांब पल्ल्याच्या धावपटूने लांब पळावे, छोट्या पल्ल्याच्या धावपटूने छोटे, ही समजूत होती. जर्मनीत गेर्शलर नावाच्या प्रशिक्षकाने आणि स्वीडनमध्ये होल्मर यांनी जोर आणि विसावा आलटून पालटून देणाऱ्या पद्धती तयार केल्या होत्या, हे खरे. झाटोपेकचे वेगळेपण असे की त्याने त्यांचे प्रमाणच बदलून टाकले. सुरुवातीच्या वर्षांत त्याचा रोजचा रतीब असा : दोनशे मीटरच्या पाच धावा, चारशे मीटरच्या वीस, पुन्हा दोनशेच्या पाच. प्रत्येक दोन धावांच्या मध्ये फक्त दोनशे मीटर सावकाश धावणे. उभे राहायचे नाही, बसायचे तर नाहीच. पुढे वीसाचे तीस झाले, तीसाचे चाळीस. १९५४ साली तर त्याने काही दिवस चारशे मीटरच्या शंभर धावा, सकाळी पन्नास आणि संध्याकाळी पन्नास, अशा काढल्या. नुसत्या धावाच चाळीस किलोमीटर होतात, मधले सावकाश धावणे वेगळे.

हे का लागू पडते, याचे उत्तर शरीरशास्त्राने नंतर नीट मांडले. जोरात पळताना हृदय आणि फुप्फुसे त्यांच्या कमाल मर्यादेजवळ काम करतात. सलग पळून त्या मर्यादेवर माणूस काही मिनिटेच टिकतो. पण मध्ये छोटा विसावा दिला आणि तो पुरा विसावा होऊ दिला नाही, तर नाडी पूर्ण खाली यायच्या आत पुढची धाव सुरू होते, आणि एका तासात त्या मर्यादेपाशी घालवलेली मिनिटे कितीतरी पटीने वाढतात. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकते. आपल्या तालमीतल्या वस्तादांना यात काही नवल वाटणार नाही. लढतीत दम टिकावा म्हणून एकामागून एक ताज्या दमाचे जोडीदार अंगावर घालायचे, हा प्रकार लाल मातीत जुनाच आहे.

हवेचाही त्याने असाच उपयोग केला. मध्य युरोपातला हिवाळा म्हणजे गुडघाभर बर्फ. इतर धावपटू त्या दिवसांत विश्रांती घेत. झाटोपेक सैन्यात होता, त्याच्याजवळ जड लष्करी बूट होते. ते घालून तो बर्फात पळे. उन्हाळ्यात हलके खिळ्यांचे बूट पायात आले की पाय आपोआप उचलले जात. रात्री हातात विजेरी घेऊन जंगलवाटेने पळे. पहाऱ्यावर उभे राहायची पाळी आली तर जागच्या जागी पळे. कामाच्या वाटेवर पॉप्लर झाडांची रांग होती; पहिल्या दिवशी चौथ्या झाडापर्यंत श्वास रोखायचा, मग पाचव्या, असे करता करता एके दिवशी तो शेवटच्या झाडाशी शुद्ध हरपून पडला. हा प्रयोग कुणी घरी करू नये, मुलांना तर सांगूही नये! कपडे धुवायचे असले की टबात पाणी, साबण आणि कपडे टाकून त्यावर पळत राही. दोन्ही कामे उरकत.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकने या गणिताची पहिली मोठी परीक्षा घेतली, आणि ती दोन टोकांच्या हवेत. दहा हजार मीटरची शर्यत ३० जुलैला होती. लंडनला न शोभणारे रणरणते ऊन पडले होते. सर्वांचे लक्ष होते फिनलंडच्या व्हिल्यो हेइनोकडे. विश्वविक्रम त्याच्या नावावर होता. झाटोपेकने प्रेक्षकांत बसलेल्या आपल्या प्रशिक्षकाशी एक खूण ठरवली होती. एका फेरीला ७१ सेकंदांचा हिशेब जमत असेल तर पांढरे कापड, वेळ मागे पडली तर लाल. बाकी कोण पुढे आहे, कोण मागे, याकडे पाहायचेच नाही. पहिल्या फेऱ्यांत तो बराच मागे होता. आठव्या फेरीनंतर लाल कापड दिसले आणि तो पुढे सरकू लागला. थोड्या वेळाने हेइनो उन्हापुढे हरला आणि धावपट्टी सोडून बाहेर पडला. झाटोपेक २९ मिनिटे ५९.६ सेकंदांत जिंकला. हिशेब करून पाहिला तर फेरीला सरासरी ७२ सेकंद पडतात. म्हणजे त्या उन्हात त्याने ठरवलेल्या वेळेपासून फेरीमागे फक्त एक सेकंद सोडला. दुसरा आला होता फ्रान्सचा आलाँ मिमून. हे नाव लक्षात असू द्यावे.

उन्हात धावताना हृदयावर दुहेरी बोजा पडतो. स्नायूंना रक्त पुरवायचे आणि त्याच वेळी शरीर थंड ठेवण्यासाठी कातडीकडेही रक्त पाठवायचे. रक्त तेवढेच, मागणी दुप्पट. त्यामुळे थंडीत जो वेग सहज झेपतो तोच वेग उन्हात जीवघेणा ठरतो. शरीर उन्हाला सरावायला दहा ते चौदा दिवस घेते; घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, त्यातून मीठ कमी जाते. तोवर वेग कमी ठेवणे एवढेच हातात असते. हवा दमट असली तर घाम वाळतच नाही, मग थंडावा मिळणार कुठून? कोकणात वाढलेल्यांना हे सांगायला नको. गोव्यात २०१९ साली मिरामारच्या किनाऱ्यावर अर्ध्या पल्ल्याची आयर्नमॅन स्पर्धा सुरू झाली, १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे. थंड देशातल्या पुस्तकातले वेळापत्रक जसेच्या तसे उचलून तिथे उतरणाऱ्याला पहिली दोन अंगे निभावून नेता येतात; धावायला लागल्यावर मात्र समुद्रकाठची हवा हिशेब चुकता करून घेते.

लंडनला तीन दिवसांनी पाच हजार मीटरची अंतिम शर्यत होती आणि त्या दिवशी आभाळ फाटले होते. धावपट्टीवर चिखल आणि पाणी. इथे मात्र झाटोपेकचे गणित चुकले. प्राथमिक फेरीत दोघेही पात्र ठरत असताना त्याने एका स्वीडिश धावपटूशी उगीच अटीतटीची झुंज घेऊन पाय दमवले होते. अंतिम शर्यतीत बेल्जियमचा गास्टोन राइफ खूप पुढे निघून गेला. शेवटच्या फेरीत झाटोपेकला जाग आली आणि चिखल उडवीत तो असा काही सुटला की स्टेडियम उभे राहिले. पण रेषा दोन दशांश सेकंद आधी आली. रौप्यपदक. या पराभवाचे त्याला हसूच आले म्हणतात, पण त्यानंतर प्राथमिक फेरीत त्याने अशी उधळपट्टी केली नाही.

त्याच लंडनमध्ये त्याने पिकॅडिली चौकातून लग्नाच्या अंगठ्या घेतल्या. डाना इंग्रोव्हा ही त्याच्याच देशाची भालाफेकपटू. तिचाही जन्म १९ सप्टेंबर १९२२ चा. एकाच दिवशी जन्मलो, तर एकाच दिवशी लग्नही करून टाकू, अशी त्याची मागणी घालायची तऱ्हा होती. २४ ऑक्टोबर १९४८ ला लग्न झाले. पुढच्या काही वर्षांत विक्रमांची नुसती रांग लागली. १९५० मध्ये ब्रसेल्सला युरोपीय स्पर्धेत, अन्नातून विषबाधा होऊन रुग्णालयात पडून आल्यानंतर थोड्याच दिवसांत, त्याने दोन्ही शर्यती जिंकल्या. २९ सप्टेंबर १९५१ ला स्टारा बोलेस्लाव्ह इथे तो एका तासात २०,०५२ मीटर धावला. तासाभरात वीस किलोमीटरची सीमा ओलांडणारा तो पहिला माणूस.

आता हेलसिंकी. तो जवळजवळ तिथे गेलाच नव्हता. स्टानिस्लाव्ह युंगविर्त या तरुण धावपटूचे वडील राजकीय कैदी होते, म्हणून सरकारने त्याचे नाव संघातून कापले. झाटोपेकने सांगून टाकले की युंगविर्त नसेल तर मीही येणार नाही. कम्युनिस्ट राजवटीत, सैन्यात नोकरी करीत असताना असे म्हणणे म्हणजे गळ्यात फास अडकवून घेणे. संघाचे विमान त्याला न घेताच गेले. शेवटी सरकार नमले आणि दोघेही हेलसिंकीला पोहोचले. झाटोपेक हे प्रकरण फारसे सांगत नसे.

दहा हजार मीटर त्याने २९ मिनिटे १७ सेकंदांत जिंकले. दुसरा पुन्हा मिमून. पाच हजारची शर्यत मात्र हातातून गेल्यातच जमा होती. शेवटच्या फेरीत जर्मनीचा शाडे, इंग्लंडचा चॅटवे आणि मिमून असे तिघे त्याच्या पुढे निघाले आणि तो चौथा पडला. शेवटच्या वळणावर त्याने बाहेरच्या बाजूने तिघांनाही गाठले. चॅटवे कडेला अडखळून पडला. १४ मिनिटे ६.६ सेकंद. फेऱ्या फेऱ्यांनी केलेला सराव अशा वेळी कामाला येतो. बारा फेऱ्या अंगावर घेऊन शेवटची फेरी सत्तावन्न-अठ्ठावन्न सेकंदांत मारण्यासाठी पाय दमलेले असतानाच जोर लावायची सवय लागते. त्याच दुपारी, त्याच मैदानावर डानाने भाला ५०.४७ मीटर फेकून सुवर्णपदक मिळवले. घरात एका दिवसात दोन.

राहिली मॅरेथॉन. इथे झाटोपेकपुढे वेगळाच प्रश्न होता. पाच हजारला त्याचा वेग किलोमीटरला २ मिनिटे ४९ सेकंद पडला होता, दहा हजारला २ मिनिटे ५६. बेचाळीस किलोमीटरला किती ठेवायचा? हे त्याला ठाऊक नव्हते, कारण तो तेवढे कधी धावलाच नव्हता. मग त्याने सर्वांत सोपा मार्ग धरला. ज्याला ठाऊक आहे त्याच्या शेजारी पळायचे. इंग्लंडच्या जिम पीटर्सने महिन्याभरापूर्वीच २ तास २० मिनिटे ४२ सेकंदांची, तोवरची जगातली सर्वोत्तम वेळ नोंदवली होती. झाटोपेकने सुरुवातीला त्याला शोधून आपली ओळख करून दिली आणि त्याच्या मागे लागला. पीटर्सने जोरात सुरुवात केली. पंधरा किलोमीटर झाल्यावर झाटोपेकने त्याला इंग्रजीतून, अगदी निरागसपणे, हा वेग बरोबर आहे ना असे विचारले. दमलेल्या पीटर्सने थट्टेने किंवा चिडून वेग फारच कमी असल्याचे सांगितले. झाटोपेकने ते खरे मानले आणि पुढे निघून गेला. पीटर्स बत्तीसाव्या किलोमीटरच्या सुमारास पायात गोळे येऊन बाहेर पडला. झाटोपेक वाटेत पोलिसांशी, सायकलवाल्यांशी, छायाचित्रकारांशी गप्पा मारीत २ तास २३ मिनिटे ३ सेकंदांत स्टेडियममध्ये शिरला. किलोमीटरला ३ मिनिटे २३ सेकंद. आधीच्या ऑलिम्पिक विक्रमापेक्षा सहा मिनिटांहून अधिक कमी. जमैकाच्या रिले संघातल्या मुलांनी त्याला खांद्यावर घेतले.

या पीटर्सची पुढची कहाणी इथे सांगायलाच हवी. १९५४ साली कॅनडातल्या व्हँकूव्हरला राष्ट्रकुल देशांच्या स्पर्धेत तो कडक उन्हात नेहमीच्याच वेगाने धावला. स्टेडियममध्ये शिरला तेव्हा दुसरा धावपटू सतरा मिनिटे मागे होता. रमतगमत चालत गेला असता तरी जिंकला असता. पण उष्णतेने त्याचे भान हरपले होते. तो पडला, उठला, पुन्हा पडला. शेवटच्या थोड्या अंतरासाठी त्याने जिवाचा आटापिटा केला आणि रेषा न ओलांडताच त्याला उचलून न्यावे लागले. तो पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही. पीटर्सच्या जिद्दीत खोट काढायला जागा नाही. पण व्हँकूव्हरच्या उन्हाचा हिशेब त्याने मांडलाच नव्हता.

झाटोपेकचीही एक दिवस वेळ आली. १९५४ मध्ये तो अजून शिखरावर होता. ३० मे रोजी पॅरिसला पाच हजारचा विश्वविक्रम, दोन दिवसांनी ब्रसेल्सला दहा हजारचा, २८ मिनिटे ५४.२ सेकंद, एकोणतीस मिनिटांच्या आत येणारा जगातला पहिला. पण त्याच वर्षी युरोपीय स्पर्धेत पाच हजारला तो तिसरा आला. सोव्हिएत संघाचा व्लादिमीर कुट्स पुढे गेला होता. आपले गणित त्याने कधी लपवून ठेवले नव्हते. जो येईल त्याला तो सांगे, घरी ठेवून घेई, सोबत पळे. त्यामुळे मागून येणारे त्याच्याच पद्धतीने पळत होते, तेही तरुण पायांनी. आणि त्याची स्वतःची मात्रा आता फार झाली होती. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकच्या तयारीत तो डानाला खांद्यावर घेऊन पळत असे. त्यातून त्याला हर्निया झाला असे सांगतात. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी दोन महिने पळू नको म्हणून बजावले. त्याने तितके दिवस वाट पाहिली नाही. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतली ही सर्वांत मोठी चूक. कमी करणेही सरावाचाच भाग असतो, हे त्याला कधी पटले नाही. पुढे न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांनी आधी महिनोन् महिने सौम्य वेगाचा भक्कम पाया आणि जोर थोडा, तोही शर्यत जवळ आल्यावर, अशी घडी घातली आणि १९६० च्या रोम ऑलिम्पिकला त्यांच्या शिष्यांनी सुवर्णपदके जिंकली. आजही बहुतेक प्रशिक्षक बराचसा सराव हलका आणि थोडाच जोराचा ठेवतात. त्या थोड्या जोरात मात्र झाटोपेकचे तुकडे असतातच.

डिसेंबरची पहिली तारीख. दक्षिण गोलार्धातला भर उन्हाळा. झाटोपेक डोक्यावर पांढरी टोपी घालून मॅरेथॉनच्या रेषेवर उभा राहिला. या वेळी त्याने उन्हाचा आणि स्वतःच्या पोटावरच्या ताज्या व्रणाचा हिशेब नीट केला होता. जिंकायचा प्रश्नच नव्हता. तो कुणाच्या मागे लागला नाही, आपल्या वेगाने धावला, आणि २ तास २९ मिनिटे ३४ सेकंदांत सहावा आला. शर्यत मिमूनने जिंकली होती. लंडनला दुसरा, हेलसिंकीला दोनदा दुसरा, ब्रसेल्सलाही दोनदा दुसरा, आणि दर वेळी पुढे हाच झाटोपेक. मिमून आपले सुवर्ण जिंकून रेषेपाशी थांबून राहिला होता. झाटोपेक आला, गुडघ्यावर बसला. मिमूनने त्याला आपण जिंकल्याचे सांगितले. झाटोपेक उठला, टोपी काढली, लष्करी सलाम ठोकला आणि त्याला मिठी मारली. त्या मिठीपुढे आपल्याला पदक कमी वाटले, असे मिमून नंतर आयुष्यभर सांगत राहिला.

१९५८ साली झाटोपेक स्पर्धांतून बाजूला झाला. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क प्रागला आला. अनेक विश्वविक्रम नावावर असलेल्या या धावपटूला ऑलिम्पिक सुवर्ण कधी मिळाले नव्हते. निरोप देताना झाटोपेकने त्याच्या हातात एक पुडके दिले आणि आत्ता उघडू नको म्हणाला. काहीतरी चोरून देशाबाहेर न्यायचे असेल, या शंकेने क्लार्कने विमान उडाल्यावर ते उघडले. आत हेलसिंकीचे सुवर्णपदक होते. दोन वर्षांनी क्लार्क मेक्सिको सिटीला दहा हजार मीटर धावला. समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंची, विरळ हवा. उंचावर वाढलेले धावपटू पुढे गेले आणि सहावा आलेला क्लार्क रेषेपलीकडे बेशुद्ध पडला. हवेचा हिशेब तिथे कुणाच्याच जिद्दीला जुमानत नव्हता.

ते वर्ष झाटोपेकच्याही परीक्षेचे होते. १९६८ च्या उन्हाळ्यात त्याने सुधारणांची मागणी करणाऱ्या 'दोन हजार शब्द' या जाहीरनाम्यावर सही केली होती. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले तेव्हा तो वेन्सेस्लास चौकात जाऊन उघडपणे विरोधात बोलला; आक्रमकांना ऑलिम्पिकमधून वगळा, असेही म्हणाला. त्याची किंमत लवकरच वसूल झाली. पक्षातून काढले, सैन्यातून काढले, हुद्दा गेला. मग अनेक वर्षे जमिनीत पाण्यासाठी आणि भूगर्भ तपासणीसाठी भोके पाडणाऱ्या टोळीबरोबर त्याने काम केले, गावोगावी, चाकांच्या खोलीत राहून, आठवड्याने डानाकडे घरी येत. १९७१ मध्ये त्याने वृत्तपत्रातून आपली आधीची भूमिका मागे घेतली. ज्यांनी माघार घेतली नाही आणि तुरुंग भोगले, त्यांच्यातल्या काहींनी त्याला यासाठी कधी माफ केले नाही. युंगविर्तसाठी विमान सोडणारा माणूस इथे का नमला, याची अनेक स्पष्टीकरणे दिली जातात. पन्नाशीजवळ आलेला, थकलेला, घरापासून तोडलेला माणूस, हे त्यातले सर्वांत साधे. अंतर किती आहे हे ठाऊक असेल तरच त्याचे तुकडे करता येतात. ही शर्यत किती वर्षांची आहे, हे तेव्हा चेकोस्लोव्हाकियात कुणालाच ठाऊक नव्हते.

नंतर त्याला प्रागमध्ये क्रीडा खात्यात परदेशी मासिके वाचून त्यांतली सरावाची माहिती टिपून ठेवण्याचे काम देण्यात आले. बऱ्याच भाषा येत असल्याने तो त्या कामाला सोयीचा होता. दुसऱ्या देशांतले धावपटू कसे पळतात, किती फेऱ्या काढतात, किती विसावा घेतात हे तो टेबलाशी बसून उतरवून घेई. त्यातले किती त्याचेच होते हे वरिष्ठांच्या लक्षात येत होते की नाही, कोण जाणे.

राजवट कोसळल्यावर १९९० मध्ये नव्या सरकारने त्याची माफी मागून त्याचा मान परत केला. नोव्हेंबर २००० मध्ये प्रागला तो गेला, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. मोराव्हियाच्या डोंगराळ भागात, रोझ्नोव्ह गावच्या स्मशानभूमीत त्याचे दफन झाले. त्याच दिवशी जन्मलेली डाना मात्र त्याच्यामागे आणखी एकोणीस वर्षांहून अधिक काळ जगली. २०२० च्या मार्चमध्ये ती गेली तेव्हा तिला सत्त्याण्णव वर्षे झाली होती.